कोंड्याचा मांडा होईल. पण तो कोणाच्या ताटात?

एखाद्या गृहिणीचे कौतुक करायचे झाले तर आपल्याकडे म्हणतात, "बाई मोठी निगुतीची, कोंड्याचा मांडा करते." घरात काही नसताना, आहे त्यातूनच चार तोंडे भरवणारी ती सुगरण! या अर्थाने आमच्या आया-आज्या सगळ्याच सुगरणी होत्या. त्यांना दुसरा इलाजच नव्हता. दुसऱ्याच्या घरचे धान कांडायचे, तांदूळ त्यांच्या कणगीत टाकायचा आणि आपल्या पदरात कण्या-कोंडा बांधून घरी यायचे, हे दिवस ज्यांनी पाहिले अशी वडीलधारी माणसे आजही पूर्व विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत भेटतात.

ती म्हण आता विज्ञानाने शब्दशः खरी करून दाखवली आहे. धानाचा कोंडा, सोयाबीनची पेंड, सरकीची ढेप अशा शेतीच्या उरल्यासुरल्या मालात प्रथिने अडकून पडलेली असतात. ती बाहेर काढण्यासाठी जळजळीत आम्ल लागत नाही, महागडी रसायने लागत नाहीत. साधे पाणीच हे काम करते. मात्र ते पाणी बंद भांड्यात, मोठ्या दाबाखाली, खूप तापवलेले असावे लागते. जपान, थायलंड अशा अनेक देशांत यावर संशोधन झाले आहे.

बंधू-भगिनींनो, हा विषय प्रयोगशाळेतल्या मंडळींचा म्हणून पान उलटू नका. कोंडा काय आणि उष्टे काय, 'उरलेले' या शब्दाशी आपल्या समाजाचे नाते फार जुने आणि फार दुखरे आहे. म्हणून हे विज्ञान आपण नीट समजून घेतले पाहिजे, आणि समजून घेतल्यावर काही प्रश्न ठामपणे विचारलेही पाहिजेत.

कोंड्यात दडले आहे काय?

धान गिरणीत घातले की आधी वरचे टरफल निघते. ते तूस. शंभर किलो धानामागे तूस साधारण २० किलो निघते. त्याच्या आत, तांदळाच्या दाण्यावर एक तपकिरी पापुद्रा असतो. तांदूळ पांढराशुभ्र दिसावा म्हणून तो घासून काढतात. हाच कोंडा. तो ८ ते १० किलो भरतो. या कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असते. म्हणून तेलाचे कारखाने तो विकत घेतात आणि हेक्झेन नावाच्या द्रावकाने त्यातले तेल काढून घेतात. मागे जो तेल काढलेला कोंडा राहतो, त्यात १५ ते १८ टक्के प्रथिने असतात. सोयाबीनचेही तसेच. तेल निघाले की पेंड उरते आणि तिच्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. हा सारा माल मुख्यतः गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो.

प्रथिन म्हणजे काय, हे लहान मुलांनाही सांगता येईल. मण्यांची माळ डोळ्यांसमोर आणा. माळ म्हणजे प्रथिन आणि एकेक मणी म्हणजे अमिनो आम्ल. निसर्गात प्रथिनांच्या माळा अगणित आहेत, पण त्या मुख्यतः २० प्रकारच्या मण्यांपासून बनतात. आपण जे खातो त्यातल्या माळा पोटात तुटतात, मणी सुटे होतात, आणि त्या मण्यांतून शरीर आपले रक्त, मांस, केस, नखे यांच्या नव्या माळा ओवते. यातले ९ मणी शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. ते अन्नातूनच मिळवावे लागतात. त्यातला एक जरी कमी पडला तरी माळ अडते, मग बाकीचे मणी ढिगाने असले तरी उपयोग नाही.

आपल्या आयांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण त्यांच्या ताटात ते होते. ज्वारीच्या भाकरीत लायसिन हा मणी कमी असतो, तो तुरीच्या वरणात भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते भाकरी पुरवते. भाकरी आणि वरण एकत्र आले की माळ पुरी होते. गरिबाच्या ताटातले वरण पातळ झाले की नुकसान नेमके येथे होते. पोट भरल्यासारखे वाटते, पण लेकराची वाढ खुंटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी राहिलेली होती. दर तीन मुलांमागे एक! याला एकटे प्रथिनच कारण नसते. गढूळ पाणी, आजारपण, आईची उपासमार अशी अनेक कारणे असतात. पण चांगल्या प्रथिनाची कमतरता त्यात असतेच.

कुकरच्या पुढचे पाणी

आता पाण्याकडे वळू. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशाला उकळते. खाली कितीही जाळ घाला, ते त्याच्यापुढे तापत नाही. वाफ होऊन उडून जाते. कुकरचे झाकण लावले की वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. एवढ्या २० अंशांच्या फरकाने तासभर न शिजणारी तूरडाळ चार शिट्ट्यांत शिजते. ही किमया आपल्या प्रत्येक घरात रोज घडते.

शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट पुढे नेली. जाड पोलादाच्या बंद भांड्यात पाणी २०० अंशांपर्यंत तापवले आणि तरीही ते पाणीच ठेवायचे असले, तर बाहेरच्या हवेच्या सुमारे १६ पट दाब लागतो. २५० अंशाला तो ४० पटींपर्यंत जातो. ३७४ अंशांच्या पुढे मात्र कितीही दाब दिला तरी पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही. या दोन टोकांच्या मधले, १०० च्या वरचे आणि ३७४ च्या खालचे, दाबून द्रवरूपात ठेवलेले जे पाणी, त्याच्याविषयी आपण बोलत आहोत.

या पाण्याचा स्वभावच बदलतो. थंड पाण्यात मीठ-साखर विरघळते, पण तेलकट पदार्थ विरघळत नाहीत. २०० अंशांचे पाणी या बाबतीत पाण्यापेक्षा स्पिरिटच्या जवळ जाते, आणि एरवी न विरघळणारे पदार्थही आपल्यात घेऊ लागते. दुसरे असे की, प्रत्येक पाण्यात आम्लाचे आणि अल्कलीचे अगदी थोडे कण असतातच. उष्णतेने ते कितीतरी पटींनी वाढतात. त्यामुळे बाहेरून आम्ल न टाकताही हे पाणी प्रथिनांच्या माळेची गाठ तोडू शकते. पुढे पाणी थंड केले की ते पुन्हा आपले साधे पाणी! मागे आम्ल राहत नाही आणि ते मारण्यासाठी सोडा घालावा लागत नाही.

हा फायदा लहान नाही. प्रयोगशाळेत प्रथिनाचे मणी सुटे करायची जुनी रीत अशी आहे: तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात, ११० अंशांवर, चोवीस तास शिजवणे. त्यात ट्रिप्टोफॅन हा मोलाचा मणी नष्ट होतो. कारखान्यांतही आम्ल वापरून असे अर्क काढतात. तिथे आम्ल मारताना भरपूर मीठ तयार होते आणि काही घातक संयुगेही तयार होऊ शकतात, म्हणून त्यांवर मर्यादा घालाव्या लागल्या आहेत. शिवाय त्या आम्लाचे पिंप उचलणारे, गळती पुसणारे हात कोणाचे असतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

भांड्यात काय घडते?

कृती ऐकायला सोपी आहे. कोंडा पाण्यात कालवून आंबिलीसारखा पातळ करायचा. भांड्यात बंद करून ठरलेल्या तापमानापर्यंत न्यायचा, काही मिनिटे ठेवायचा, लगेच थंड करायचा आणि गाळून घ्यायचा. खाली चोथा उरतो. वर तपकिरी, रश्शासारख्या वासाचे पाणी मिळते. प्रथिने, त्यांचे तुकडे आणि सुटी अमिनो आम्ले त्या पाण्यात उतरलेली असतात.

खरी कसरत तापमानाची आहे. आच कमी पडली तर प्रथिने कोंड्यातच राहतात. मध्यम आचेला माळेचे लहान-मोठे तुकडे होतात. आणखी वाढवली तर मणी सुटे होतात. पण त्याहीपुढे गेले की मणीच फुटू लागतात. त्यांचा अमोनिया आणि साधी आम्ले होतात. शिवाय कोंड्यातली साखर आणि प्रथिने एकमेकांत गुंतून पाणी काळपट, कडवट होते. भाकरी तव्यावर खरपूस होते आणि जास्त राहिली की करपते, तसाच हा प्रकार. या करपण्यात लायसिनचा बळी आधी जातो, हे ध्यानात ठेवा. भाकरीत कमी असलेला मणी तोच!

१९९९ साली जपानच्या संशोधकांनी माशांच्या मांसावर या पाण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. २००८ साली थायलंडच्या संशोधकांनी तेल काढलेल्या धानाच्या कोंड्यावर १०० ते २२० अंशांपर्यंत प्रयोग केले. त्यांना सर्वांत चांगला उतारा २०० अंशांवर, ३० मिनिटांत मिळाला. एक किलो कोरड्या कोंड्यामागे सुमारे २१९ ग्रॅम प्रथिन त्यांनी मोजले. पण सुटी अमिनो आम्ले? ती किलोमागे फक्त ८ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हे पाणी माळा बाहेर काढते, माळांचे तुकडेही करते. पण सगळे मणी सुटे करून हातात ठेवत नाही. 'कोंड्यातून अमिनो आम्लांचा पाऊस' असे कोणी सांगू लागला तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

इंधनाचा हिशेबही पाहू. एक लिटर पाणी २५ अंशांवरून २०० अंशांपर्यंत, वाफ होऊ न देता तापवायला सुमारे ०.२ युनिट वीज पुरेल इतकी उष्णता लागते. तेच पाणी उकळून पूर्ण आटवायचे म्हटले तर साधारण ०.७ युनिट लागते. म्हणजे दाबाखाली तापवणे स्वस्त आहे. शिवाय बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याची उष्णता आत येणाऱ्या थंड पाण्याला देता येते. पण शेवटी भुकटी हवी असेल तर ते पाणी आटवावेच लागते आणि खर्च तेथे वाढतो. जाड पोलादी भांडी आणि दाबाचे पंप यांची किंमत वेगळीच. म्हणून हे तंत्र गल्लीतल्या गिरणीवर अजून आलेले नाही.

पॅरिसच्या गरिबांचा रस्सा

दाबाखालच्या पाण्याने टाकाऊ वस्तूंतून अन्न काढण्याची कल्पना मात्र नवीन नाही. डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक बंद भांडे मांडले. आपल्या कुकरचा तो पूर्वज. १६८१ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. त्याचा मुख्य विषय होता हाडे मऊ करणे! पुढच्या वर्षी सोसायटीच्या सभासदांना त्या भांड्यात शिजवलेले जेवणही दिले गेले. वाफ जास्त झाली तर भांडे फुटू नये म्हणून वजनाची झडपही त्यानेच बसवली. आज आपल्या कुकरवर जी शिट्टी डोलते तिचे मूळ तेथे आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञाने दाबाच्या वाफेने हाडांतून जिलेटिन काढले. जिलेटिन हेही प्रथिनच. खाटकाकडची हाडे फुकटात जमा होत होती आणि शहरात गरीब उपाशी होते. मग काय, इस्पितळांतल्या रुग्णांना आणि गोरगरिबांना जिलेटिनचा रस्सा मिळू लागला. हा रस्सा मांसाइतकाच पौष्टिक, असे मोठमोठ्या विद्वानांनी सांगितले. पण ज्यांच्या पोटात तो जात होता त्यांना ते पटेना. अखेर फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने एक समिती नेमली. माझांदी हा नामवंत शरीरशास्त्रज्ञ तिचा प्रमुख होता. वर्षानुवर्षे कुत्र्यांवर प्रयोग झाले. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली जनावरे जगली नाहीत. १८४१ साली समितीने अहवाल दिला आणि जिलेटिनचा डामडौल उतरला.

याचे कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडले. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हा आवश्यक मणी मुळातच नसतो. वजनाने प्रथिन, नावाने प्रथिन, पण माळ अपुरी! पॅरिसच्या गरिबांना विद्वानांनी फसवायचे ठरवले होते असे नाही. त्यांना खरेच वाटत होते की आपण उपकार करत आहोत. पण जे अन्न श्रीमंतांच्या मेजवानीत कोणी मुख्य जेवण म्हणून वाढले नसते, ते गरिबाला पुरेसे आहे असे समजणे, ही खोट त्या उपकारातच होती.

उष्ट्याचा नवा अवतार नको

ही खोट आपण चांगली ओळखतो. दारोदार फिरून भाकरी मागणे, लग्नकार्यातल्या पत्रावळींवरचे उष्टे उचलणे, मेलेल्या जनावराचे मांस खाणे हे आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आले ते आवडीने नव्हे. गावाने ते त्यांच्या माथी मारले आणि वर पुन्हा त्याच कारणाने त्यांना अपवित्र ठरवले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असा आदेश दिला. पोट रिकामे राहील हे त्यांना ठाऊक होते. पण उष्ट्याने भरलेले पोट मान ताठ करू देत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. लोकांनी ते ऐकले. कित्येक गावांत त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला; पण उष्ट्याला पुन्हा हात लावला नाही.

मग आज कोंड्यातले प्रथिन म्हणजे नवे उष्टेच आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. उष्टे म्हणजे दुसऱ्याने खाऊन टाकलेले. कोंडा हा दाण्याचाच भाग आहे आणि खरे तर सर्वांत कसदार भाग आहे. सोयाबीनची तेल काढलेली पेंड स्वच्छ पद्धतीने तयार करून तिच्या वड्या दुकानात मिळतात. त्या आपल्या घरी येतात तशा बंगल्यातही जातात. तेव्हा वस्तू कशातून निघाली याची लाज नको. मान-अपमान ठरतो तो वेगळ्या गोष्टीवर: ती वस्तू सगळ्यांच्या ताटात आहे, की फक्त गरिबाच्या? ती हक्काने मिळते, की उपकाराने? ती तपासून दिली आहे, की 'यांना काय, चालते' म्हणून?

ही भीती कल्पनेतली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळेतल्या दुपारच्या जेवणात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी बंद करून ते लोकवर्गणीवर सोडण्यात आले. अंड्यात नऊही आवश्यक मणी असतात, सुमारे ६ ग्रॅम प्रथिन असते आणि ते कोणत्याही शास्त्रज्ञाला न विचारता उकडता येते. हातचे अंडे काढून घ्यायचे आणि उद्या त्या जागी कोंड्याच्या भुकटीचे पुडे पाठवायचे, असे कोणी करू लागला तर आपण स्पष्ट सांगितले पाहिजे: आधी अंडे परत आणा, मग भुकटीचे पाहू!

तपासणीचा आग्रह तर हवाच. धानातले आर्सेनिक पांढऱ्या तांदळापेक्षा कोंड्यात जास्त साचते. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. पिकावर मारलेल्या औषधांचे अंशही उरलेल्या मालात असू शकतात. गरम पाणी प्रथिने बाहेर काढते तेव्हा हेही बाहेर येते का, किती येते, हे प्रत्येक मालाबाबत मोजलेच पाहिजे. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले ते हेच, की कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

टाकाऊ, पण कोणाच्या लेखी?

आणखी एक गोष्ट शहरातल्या तज्ज्ञांच्या ध्यानात येत नाही. ते ज्याला 'शेतीचा कचरा' म्हणतात तो गावात कचरा नसतो. सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार म्हणजे बिनजमिनीच्या माणसाच्या दोन शेळ्यांचा चारा. पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या म्हणजे त्याच्या चुलीचे सरपण. कोंड्यावर आणि ढेपेवर एखाद्या विधवा बाईची म्हैस उभी असते. उद्या कारखान्याने हा माल घाऊक विकत घ्यायला सुरुवात केली, तर शेतमालकाला चार पैसे मिळतील. पण ज्याची जमीनच नाही, त्याने शेळी काय घालून जगवावी? आपल्या समाजात भूमिहीन किती आहेत, हे आपण जाणतो. तेव्हा 'कचऱ्यातून संपत्ती' ही घोषणा ऐकली की विचारावे, कचरा कोणाचा आणि संपत्ती कोणाची?

मालाचे पुढे काय होते तेही पाहा. अमिनो आम्लांचे अर्क आज कृषी केंद्रात पिकावर फवारायच्या बाटल्यांतून विकले जातात. ते कोंबड्यांच्या आणि मासळीच्या खाद्यात जातात, पहिलवानी भुकटीच्या डब्यांत जातात, सौंदर्यप्रसाधनांत जातात. जिथे पैसा जास्त तिकडे माल वळणारच. आपल्या बायांनी निंदलेल्या, कापलेल्या पिकाचा कोंडा गावाबाहेर जाऊन चकचकीत बाटलीत परत यायचा आणि आपण तो विकत घ्यायचा, असे होऊ नये.

म्हणून यंत्राला विरोध करावा काय? मुळीच नाही. १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी या प्रश्नाचा निकाल लावला आहे. यंत्र माणसाला कष्टातून सोडवते, त्याला विचार करायला फुरसत देते. यंत्रामुळे जे वाईट घडते त्याचा दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजव्यवस्थेचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. दाबाखालच्या पाण्यालाही तीच लागू पडते. पाणी जात पाहत नाही. जात पाहते ती भांड्याची मालकी.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट घरातली. घरच्या कुकरवर वजन ठेवून किंवा शिट्टी दाबून असला प्रयोग कोणीही करू नये. २०० अंशांचे पाणी बाहेर उसळले तर क्षणात वाफ होते आणि माणूस भाजून निघतो. त्यासाठी तपासणी झालेली पोलादी भांडी आणि शिकलेली माणसे लागतात. आपल्या घराला आज याची गरजही नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिन पाहिजे. १०० ग्रॅम तूरडाळीत ते सुमारे २२ ग्रॅम असते, तितक्याच शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम आणि सोयाबीनच्या वड्यांत सुमारे ५० ग्रॅम. भाकरी-वरण सोबतच खा, वरण थोडे घट्ट ठेवा, मुलांच्या हातावर मूठभर दाणे ठेवा, जमेल तेव्हा अंडी, मासळी, मटण करा. आणि घरातल्या बाईने सगळ्यांच्या मागून उरलेसुरले खायची पद्धत तर आजपासून बंद करा. गावाचे उष्टे आपण १९२७ मध्ये नाकारले. घरातले उष्टे आपल्याच आईच्या, बायकोच्या वाट्याला का?

दुसरी गोष्ट शिक्षणाची. असे उद्योग पुढे येतील तेव्हा आपली मुले तिथे फक्त पोती वाहणारी नसावीत. बारावीनंतर रसायन अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान या शाखांकडे मुलामुलींना वळवा. पदवी झेपत नसेल तर आय.टी.आय. आहे, बॉयलर अटेंडंटची परीक्षा आहे. दाबाचे भांडे ज्याला कळते, त्याला कोणी सहज कामावरून काढत नाही. कामगार म्हणून तिथे असू, तेव्हा भांड्याची तपासणी कधी झाली आणि झडप चालते का, हे विचारणे हा आपला हक्क आहे.

तिसरी गोष्ट संघटनेची. बचत गट आणि सहकारी संस्था यांनी कोंडा-पेंडीचा व्यवहार समजून घ्यावा. आपल्या तालुक्यात कोणत्या गिरणीतून किती कोंडा निघतो, तो कोणत्या भावाने कोठे जातो, याची साधी वही घातली तरी डोळे उघडतील. कोंडा गिरणीतून निघाल्यावर लवकरच खवट होऊ लागतो. म्हणून तो वेळेत गोळा करणे आणि टिकवणे हे काम गावाजवळच करावे लागते. त्या कामात आपला शिरकाव होऊ शकतो.

शेवटी धम्मपदाच्या अट्ठकथेतली एक गोष्ट सांगतो. आळवी नगरीत भगवान बुद्धांचा उपदेश ऐकायला लोक जमले होते. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो शोधून, दमून, उपाशीपोटी तो उशिरा आला. भगवंतांनी उपदेश थांबवून ठेवला. आधी त्या माणसाला जेवू घाला, असे त्यांनी सांगितले. तो जेवला, शांत झाला, मगच भगवंत बोलले. भुकेल्याला धम्म कळत नाही, हे त्या महाकारुणिकाला ठाऊक होते. आणि जेवताना त्या शेतकऱ्याला कोणी कोपऱ्यात बसवले नाही, हेही आपण ध्यानात ठेवावे.

विज्ञानाने कोंड्याचा मांडा जरूर करावा. आमची मागणी एवढीच आहे की तो मांडा पारखून घेतलेला असावा, ज्यांनी धान पिकवले त्यांचा त्यात वाटा असावा आणि तो सर्वांच्या पंगतीला एकसारखा वाढला जावा.

जयभीम! नमो बुद्धाय!